एक्स्चेंज विद्यार्थी, कोल्हापूरचं घर आणि मराठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या घरात आजवर तीन परदेशी मुलं शाळकरी एक्स्चेंजवर, म्हणजे वर्षभर दुसऱ्या देशातल्या घरी राहून शिकायच्या कार्यक्रमात, राहून गेली. पहिला ब्राझीलचा मुलगा, मग एक जर्मन मुलगी, मग तैवानची एक मुलगी. तिघंही अकरावीच्या वयाची. ज्यांच्या घरी असं मूल यायचं असतं, ती माणसं येऊन बसतात, फोन करतात आणि बहुतेक तेच ते विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. यातलं बरंचसं आम्ही आधी चुकून मग शिकलो.

घरात मुलाशी इंग्रजीत बोलायचं की मराठीत?

मराठीत, आणि पहिल्या दिवसापासून.

ब्राझीलच्या मुलाच्या वेळी आम्ही उलटं केलं. आमच्या पोरांचं इंग्रजी सुधारेल, असा हिशेब मनात होता. चार महिने घरात इंग्रजी चाललं. पाचव्या महिन्यात बघितलं तर त्याला मराठी शब्द येत होते सगळे मिळून वीसेक : पाणी, बास, चला, झोप. त्याची मायबोली पोर्तुगीज, इंग्रजी त्यालाही जेमतेमच. म्हणजे तो आणि आम्ही, दोघंही आपापलं घर सोडून तिसऱ्याच्याच ओसरीवर उभे होतो. आजी तर चारही महिने त्याच्याशी एक वाक्य बोलू शकली नव्हती, आणि घरात तिच्याकडंच सगळ्यात जास्त वेळ होता.

पुढच्या वेळी नियम केला. दुखणंखुपणं, पैसे, सुरक्षितता, कार्यक्रमाचे नियम आणि रडू आलेलं असताना बोलायचं ते इंग्रजीत चालेल. बाकी सगळं मराठीत, आणि रात्रीच्या जेवणाला तर फक्त मराठी.

बोलताना एक गोष्ट सांभाळा. समजलं नाही असं दिसलं की आपण वाक्य बदलतो. ‘ताट घे’ म्हटलं, कळलं नाही, मग ‘अगं ती थाळी उचल की’, मग ‘प्लेट, प्लेट’. शिकणाऱ्या कानाला ती तीन वेगळी वाक्यं वाटतात. तेच वाक्य, त्याच शब्दांत, हातानं दाखवत तीनदा म्हणा. चौथ्या दिवशी ताट आपोआप उचललं जातं.

कुठली मराठी शिकवायची? पुस्तकातली की आपली?

हा प्रश्न विचारताना बरीच माणसं आवाज खाली करतात, आपली बोली म्हणजे जणू चूक असल्यासारखा. तसं काही नाही. मूल कोल्हापुरात राहणार आहे. त्याच्या कानावर ‘काय करालायस?’, ‘कुठं चाललायस?’, ‘जेवलास न्हवं?’, ‘ये की’, ‘बस की’ हेच पडणार. ते कळलं नाही तर पुस्तकातलं ‘तू काय करत आहेस?’ घेऊन ते गल्लीत एकटंच उभं राहील. ऐकायची आणि बोलायची मराठी आपली असू द्या, लिहायची-वाचायची पुस्तकातली. वाक्याशेवटी येणारा ‘की’ तर लवकर शिकवा. नुसतं ‘या’ आणि ‘या की’ यात केवढी माया वाढते, ते मुलांना आठवडाभरात कळतं.

एक अडचण मुलींच्या बाबतीत खास येते, ती नीट सांगते. कोल्हापूरकडच्या बायका-मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असं सर्रास म्हणतात. पुस्तक सांगतं, मुलीनं ‘मी आले’, ‘मी जाते’ म्हणावं. जर्मन मुलगी व्याकरणाची पक्की होती. पहिल्या महिन्यात तिनं वही घेऊन मला विचारलं, तुमची मुलगी ‘येतो गं आई’ म्हणते, मग माझ्या पुस्तकात छपाईची चूक आहे का? मी सांगितलं, पुस्तक बरोबर आहे आणि माझी मुलगीही बरोबर आहे. माझी आजी असंच बोलायची, तिची आईही.

ती आमच्यासारखंच बोलायला लागली. मग पुण्यात एका कार्यक्रमाला गेली, तिथं कुणीतरी तिला ‘तू मुलगा आहेस का?’ म्हणून सगळ्यांसमोर टोकलं. परत आली ती खाली मान घालून. मला फार वाईट वाटलं, कारण ही गोष्ट मी तिला आधीच सांगायला हवी होती. आता पहिल्याच आठवड्यात सांगते : इथं असं म्हणतात, पुण्यामुंबईकडं तसं म्हणतात. ज्या गावात असशील त्या गावाचं म्हण, आणि कुणी टोकलं तर ‘मी कोल्हापूरची’ म्हणून सांग. नंतर ती दोन्हीकडचं बरोबर वापरायची, आणि लेखी परीक्षेत ‘आले’ लिहायची.

सगळ्यात आधी कोणते शब्द द्यावेत?

नमस्कार-धन्यवादापासून सुरुवात करू नका. घरच्या माणसाला आपण पाणी दिल्याबद्दल धन्यवाद म्हणत नाही, पण तो शब्द आधी दिला तर ते मूल दिवसभर धन्यवाद म्हणत फिरतं आणि पाहुणंच राहतं.

‘नको’ आणि ‘नाही’ यातला फरक आधी द्या. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून भात वाढायला गेलं की मुलं ‘नाही’ म्हणतात आणि ‘भूक लागली का?’ला ‘नको’ म्हणतात. मग ‘मला’ची वाक्यं : मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला हे आवडतं, मला कळलं नाही, मला मराठी येते. मुलं ‘मी भूक आहे’ असं काहीतरी जुळवत असतात. ‘मला’ची पाच-सहा वाक्यं तोंडात बसली की अर्धा दिवस निभावतो.

आणि घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे उंबऱ्यात उभं राहून शिकवा. तैवानच्या मुलीनं पहिल्या दिवशी ‘आजी, मी जाते’ म्हटलं तेव्हा आजीनं तिला आत बोलावून, बसवून, पुन्हा म्हणायला लावलं होतं.

तो-ती-ते काही केल्या जमत नाही. काय करावं?

मराठीत तीन लिंगं आहेत आणि टेबल ‘ते’, खुर्ची ‘ती’, पंखा ‘तो’ का, याचं पटेल असं उत्तर आपल्याकडं नाही. कारण शोधत बसू नका. शब्द देतानाच जोडीनं द्या : ती पिशवी, तो चमचा, ते ताट. त्यापेक्षा सोपं म्हणजे रंगाबरोबर द्या. तांबडा रस्सा, तांबडी मिरची, तांबडं कुंकू. पांढरा रस्सा, पांढरी साखर, पांढरं दूध. ताटातलं लिंग लवकर लक्षात राहतं. इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही आपण लिंग लावतो, बस येते आणि मोबाइल पडतो, हे ऐकून मुलांना फार नवल वाटतं. चुकलं तर प्रत्येक वेळी थांबवू नका. त्यानं ‘माझा पिशवी’ म्हटलं की आपण ‘हो, तुझी पिशवी तिथं आहे’ एवढंच म्हणायचं.

आकडे इतके अवघड का जातात?

कारण एकवीस ते नव्याण्णव यातला जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र पाठ करावा लागतो. एकोणचाळीस ऐकलं की त्यांना चाळीसच्या पुढचा वाटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचायची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. जोडाक्षरांचे आकडे आपल्या पोरांनाही जड जातात, हेच त्यामागचं कारण होतं. पण कपिलतीर्थ मंडईत भाजीवाली ‘सत्तावीस’च म्हणणार. म्हणून आधी दहा-वीस-तीस, मग पाचाचे आकडे, मग जे रोज कानावर पडतात ते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे वेगळं शिकवा. अर्धा, दीड आणि अडीच सोडून बाकी सगळ्या अर्ध्यांना ‘साडे’ लागतं, हे एकदा सांगितलं की पुरतं.

उच्चार?

‘ळ’ला वेळ द्या. ‘चार’मधला च आणि ‘चांगला’मधला च वेगळे आहेत, लिहिताना मात्र एकच. ‘जेवण’ आणि ‘जागा’ यांचंही तसंच. ते नियमानं येत नाही, कानानं येतं. कोल्हापूर म्हणताना ‘ळ’ घालत नाहीत, हेही एकदा सांगावं लागतं, कारण ‘ळ’ जमला की मुलं तो सगळीकडं लावतात.

देवनागरी कधी सुरू करावी?

दुसऱ्या महिन्यात. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकाची पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, तेवढं पुस्तक पुरे. बाकी सराव रस्त्यावर. केएमटीच्या बसवरचे फलक, दुकानांच्या पाट्या, गल्लीतले वाढदिवसाचे फ्लेक्स. रोज पाच पाट्या वाचून यायच्या आणि रात्री जेवताना सांगायच्या, असं आम्ही ठरवलं होतं. मित्रमंडळी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्याची लवकर सवय लागली तर देवनागरी मागं पडते. म्हणून घरच्यांनी तरी संदेश देवनागरीतच लिहावेत.

दुकानदार, रिक्षावाले लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायला लागतात.

माणसं मदत म्हणूनच बोलतात, पण मुलाची संधी जाते. त्याला एक वाक्य पाठ करून द्या : ‘काका, मला मराठी शिकायची आहे, मराठीत बोला की.’ हे म्हटल्यावर कोल्हापुरात कुणी नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट चहा सांगितला जातो आणि पुढची दहा मिनिटं शिकवणी होते. गल्लीतल्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला तुम्ही स्वतः आधी जाऊन सांगून ठेवा.

कॉलेजमध्ये मित्र होत नाहीत. वर्गात सगळे छान बोलतात, पण पुढं काही नाही.

पहिले पंधरा दिवस सेल्फी काढायला गर्दी असते. मग ती ओसरते आणि मूल एकटं पडतं. यात कुणाचा दोष नाही. अकरावी-बारावीची आपली पोरं कॉलेज, क्लास, पुन्हा क्लास अशी पळत असतात, त्यांना थांबून हळू बोलायला सवड नसते. त्यामुळं मैत्री वर्गात होईल अशी वाट बघू नका. जिथं हात-पाय चालतात आणि बोलणं त्याच्या मागून येतं, तिथं मुलाला न्या.

कोल्हापुरात असं पहिलं ठिकाण म्हणजे फुटबॉल. पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की अख्खी पेठ येते. ब्राझीलचा मुलगा चार महिने घरात गप्प होता. मग आमच्या भाच्यानं त्याला सरावाला नेलं. ‘दे की’, ‘मार’, ‘मागं बघ’, ‘सोड रं’ एवढ्या शब्दांवर त्याचे मित्र झाले, आणि मित्र झाल्यावर मराठी आली. मैदानात कुणी त्याच्याशी इंग्रजी बोललं नाही, कारण तेवढा वेळच नसतो. गेला तेव्हा त्याच्या तोंडी ‘नाद खुळा’ इतकं सहज यायचं की त्याची आईसुद्धा फोनवर ते म्हणायला शिकली होती.

प्रत्येक मूल खेळणारं नसतं. तैवानची मुलगी बुजरी होती. ती शेजारच्या मावशींकडं संध्याकाळी भाकरी थापायला जायची. मावशींना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, त्यामुळं तिथं तिची मराठी सगळ्यात वेगानं वाढली. पीठ, परात, उलट, करपली, फुगली. ती आली तो आषाढ होता. टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायला ‘पी ढबाक’ वाद्यांच्या तालावर लोक निघाले होते आणि ती गॅलरीतून बघत होती. मावशीच तिला हात धरून खाली घेऊन गेल्या.

मोटरसायकलचं मात्र आधीच स्पष्ट सांगा. एक्स्चेंजच्या मुलांना कोणतीही गाडी चालवायची परवानगी नसते, आणि आपल्याकडं मित्र प्रेमानं किल्ली हातात देतात.

मित्र शिव्या शिकवतात. थांबवायचं का?

थांबत नाही. कोल्हापुरात जिवलग मित्राला शिवीनं हाक मारतात, तीही प्रेमानं, आणि परक्या मुलाला ते पहिल्या आठवड्यात कळतं. रागावण्यापेक्षा अर्थ सांगा. कोणती शिवी मैदानात मित्राला चालते, कोणती घरात कधीच नाही आणि कोणती आईवरून आहे म्हणून कुठंच नाही. हे मोठ्या माणसानं सांगायचं काम आहे. ‘भावा’, ‘मर्दा’, ‘लेका’ हे शब्द मोकळेपणी वापरू द्या, पण शिक्षकांना ‘भावा’ म्हणायचं नाही हेही सांगा.

तू आणि तुम्ही, काका आणि मावशी, हे कसं समजवायचं?

नियम सांगायला गेलात तर अडकाल. आमच्या घरात आईला आणि आजीला ‘तू’, वडिलांना ‘तुम्ही’. प्रत्येक घराचं वेगळं असतं. जर्मन मुलीला तिच्या भाषेतही जवळच्याला एक आणि परक्याला एक असे दोन शब्द आहेत, म्हणून तिनं पटकन धरलं, पण आजीला ‘तू’ म्हणायला ती महिनाभर घाबरली. ती तिच्या हिशेबानं आदर करत होती आणि आजीला वाटत होतं, पोरगी दूर ठेवते. घरातल्या प्रत्येकानं पहिल्या दिवशीच ‘मला असं म्हण’ म्हणून सांगावं.

‘आई’ म्हणण्याची सक्ती करू नका. त्याची आई आहे, ती रोज फोनची वाट बघत असते. मावशी, काकू हे शब्द तेवढेच जवळचे आहेत. बऱ्याच कार्यक्रमांत मूल वर्षभरात दोन-तीन घरांत राहतं, त्यालाही ते सोपं जातं.

आणखी एक, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही पन्हाळ्याला जाणार’ म्हटलं की ऐकणारा त्यात नाही, ‘आपण जाणार’ म्हटलं की आहे. घरात बोलताना याकडं लक्ष ठेवा. मुलांना हा फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर कळतो.

तिखटाचं काय?

पहिला महिना तांबडा रस्सा बाजूला ठेवा, पांढऱ्यापासून सुरुवात करा. मिसळीला कट वेगळा द्या. ‘तिखट नको’, ‘बास’, ‘अर्धी भाकरी’ हे आधी शिकवा, आणि ‘बास’ म्हटल्यावर खरंच थांबा. आग्रहानं वाढणं आपल्याकडं माया असली तरी त्या मुलाला आपलं ऐकलं जात नाही असं वाटतं. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला न्यायचं असेल तर पोटाला सवय होऊ द्या, घाई नको.

देवळात जाणं, पाळी, घरातले नियम हे कधी सांगावं?

यायच्या आधी किंवा आल्यावर दोन दिवसांत, आणि सरळ शब्दांत. काही घरांत पाळीच्या दिवसांत देवघरात जात नाहीत, स्वयंपाकाला हात लावत नाहीत. तुमच्याकडं असं असेल तर मुलीला कुणीतरी अचानक अडवण्याआधी घरातल्या बाईनं शांतपणे सांगावं. आणि परक्या मुलीवर ते लादावं का, याचा घरात आधी विचार व्हावा. माझं मत स्पष्ट आहे, लादू नये. दुसऱ्या एका घरात एका मुलीला सणाच्या दिवशी सगळ्यांदेखत बाजूला बसवलं होतं, आणि ती वर्षभर ते विसरली नाही.

अंबाबाईच्या देवळात जाताना कपडे कसे, चपला कुठं, एवढं सांगितलं की पुरे. आडनाव आणि जात विचारणारी माणसं भेटणारच. आडनाव विचारण्यामागं काय असतं, हे मुलांना उघडपणे सांगा. शाहू महाराजांच्या गावात राहताना हे समजून घेणंही त्यांच्या शिक्षणात येतं.

घर लहान आहे. चालेल का?

चालेल. स्वतंत्र पलंग, अभ्यासाला कोपरा आणि दार लावून बसायची थोडी मुभा एवढं हवं. माझे वडील भुदरगड तालुक्यातून येऊन इथल्या बोर्डिंगात राहून शिकले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली, आणि बाहेरगावची पोरं सांभाळणं हा या गावाचा शिरस्ताच झाला. वडील सांगायचे, पहिल्या वर्षी त्यांच्या बोलण्याला वर्गात हसायचे आणि ते गप्प बसायचे. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्या एका मुलानं त्यांना बोलतं केलं. परदेशी मूल गप्प बसलं की मला ते आठवतं.

मूल खोलीतून बाहेरच येत नाही, रडतं. परत पाठवावं लागेल का?

बहुतेकदा नाही. आमच्याकडं तिघांचंही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असं झालं. नवलाई संपलेली असते आणि भाषा अजून आलेली नसते. दिवसभर न समजणारं ऐकून डोकं खरंच थकतं, संध्याकाळी झोप येते, त्याला आळस म्हणू नका. घरी फोन करायची वेळ ठरवून द्या, रोज तासन्‌तास नको. एक छोटं काम त्याच्याकडं द्या, दूध आणणं किंवा आजीला रंकाळ्यावर फिरवून आणणं. पण जेवण तुटलं, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटतं असं काही बोललं, तर भाषेचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी कार्यक्रमाच्या समन्वयकांशी आणि डॉक्टरांशी बोला.

पोलिसांकडं नोंद करावी लागते का?

हो. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते, आणि व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर मुलाची नोंदणी १४ दिवसांत. एक्स्चेंजची संस्था मदत करते, पण यजमान म्हणून जबाबदारी आपली आहे.

आमचीच मुलगी बाहेर जाणार आहे. तिच्यासाठी काही?

वर लिहिलेलं सगळं उलट्या बाजूनं वाचायला द्या. रोटरी संस्थेच्या एक्स्चेंज कार्यक्रमात १५ ते १९ वयाची मुलं जातात, म्हणजे दहावीनंतर लगेच तयारी सुरू करता येते. शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे, तिथं चौकशी करा. जायच्या आधी तिकडच्या भाषेतली शंभर वाक्यं तरी हवीत. तिकडच्या घरानं इंग्रजीत बोलायला सुरुवात केली तर ‘तुमच्या भाषेत बोला’ हे वाक्य त्या शंभरात पहिलं असावं. आणि रोज रात्री व्हिडिओ कॉल लावून तिला परत कोल्हापुरात आणू नका.

परत गेल्यावर मराठी टिकते का?

बोललं तर टिकते. आम्ही आवाजी संदेश पाठवतो, महिन्यातून दोनदा, मराठीतच. आजी पाठवते तो मोठा असतो : पाऊस किती झाला, पंचगंगेला पाणी किती चढलं, शेजारच्या मावशींचा गुडघा कसा आहे. तैवानहून उत्तर येतं ते अजून अडखळत येतं, पण मावशींच्या गुडघ्याची चौकशी त्यात असते. मागच्या खेपेला तिनं भाकरी करून बघितल्याचं सांगितलं. पीठ कुठलं वापरलं ते नीट कळलं नाही, म्हणून आजीनं पुन्हा विचारलंय.